हक्काची खुर्ची

“महिन्या-दोन महिन्यांत घरी येतोच की! मग थिएटरात जायचे कशाला?” हे वाक्य अलीकडे आमच्या कानी इतक्या वेळा पडते की त्याला आता म्हणीचे रूप आले आहे. लग्नघरी, बसथांब्यावर, रविवारी चर्चच्या आवारात विषय एखाद्या नव्या चित्रपटाचा निघाला की कोणी तरी हे वाक्य टाकतो आणि चर्चा तेथेच संपते. बोलणारा बहुधा पुरुष असतो, हे आम्ही मुद्दाम नमूद करून ठेवतो. त्याचे कारण पुढे येईल.

वाक्यातली माहिती खरी आहे. जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स भारतात आले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ आले, आणि मार्च २०२० मध्ये महामारीने चित्रगृहांना टाळे लावल्यावर घरबसल्या चित्रपट पाहण्याची जी सवय जडली ती टाळे निघाल्यावरही सुटली नाही. जून २०२० मध्ये ‘गुलाबो सिताबो’सारखा नामवंतांचा चित्रपट चित्रगृहाची पायरी न चढता थेट घरोघरी पोहोचला, तेव्हा चित्रगृहवाल्यांनी आरडाओरडा केला, प्रेक्षकांनी मात्र पाय पसरून तो पाहिला. आता हिंदी चित्रपटाने चित्रगृहातून घरी येण्यापूर्वी आठ आठवडे थांबावे असा मोठ्या चित्रगृहसाखळ्यांचा आग्रह असतो. आठ आठवडे म्हणजे काही फार नव्हे. तेव्हा माहिती बिनचूक. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र आम्हांस साफ अमान्य आहे.

मोठा पडदा, घुमणारा आवाज, नरम खुर्च्या ही नेहमीची बाजू आम्ही येथे लढवणार नाही. ती दुकानदाराची बाजू आहे. आज दिवाणखान्याच्या भिंतीवर पंचावन्न इंची पडदा आहे. उद्या पंच्याहत्तर इंची येईल आणि त्या वादात चित्रगृह हरेल. चित्रगृहात आम्ही जातो ते चित्र मोठे दिसते म्हणून नव्हे. तेथे अनोळखी माणसांच्या शेजारी, एका ठरलेल्या वेळेपासून दुसऱ्या ठरलेल्या वेळेपर्यंत, उठण्याची सोय नसलेल्या अवस्थेत आम्ही बसतो, म्हणून. ही जी गैरसोय म्हणून सांगितली जाते, तीच आमच्या मते चित्रपट पाहण्याची मूळ अट आहे.

इतिहासाची साक्ष काढावी तर तीही आमच्याच बाजूने आहे. एकट्याने चित्रे पाहण्याची सोय ही काही आजच्या भ्रमणध्वनीची देणगी नव्हे. एडिसनच्या कंपनीचे ‘किनेटोस्कोप’ १८९४ साली न्यूयॉर्कात लोकांसाठी खुले झाले ते असेच होते. एका लाकडी पेटीला एक भोक, त्या भोकाला एका माणसाचा डोळा. आपल्या जत्रांतून ‘बारा मन की धोबन’ दाखवणारा पेटीवाला फिरे, त्याच जातीचा हा प्रकार. पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १८९५ रोजी, ल्युमिएर बंधूंनी पॅरिसच्या ग्रँड कॅफेत भिंतीवरच्या पडद्यावर चित्रे टाकली आणि ती अनेकांनी एकत्र पाहिली. पेटी मागे पडली, पडदा टिकला. दोन्हींत चित्रे हालत होती. फरक एवढाच होता की एकीकडे शेजारी कोणी नव्हते. लोकांनी शेजार निवडला. आज लोकल गाडीत हातातल्या फोनमध्ये डोळे खुपसून, कानांत बोंडे घालून चित्रपट पाहणारा तरुण स्वतःला फार आधुनिक समजत असेल. तो १८९४ च्या पेटीपाशी परत गेला आहे.

आपल्या मुंबईत हा खेळ ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात झाला, दर माणशी एक रुपया. त्या काळचा एक रुपया! साहजिकच तो साहेबांचा आणि शेठजींचा खेळ ठरला. परंतु थोड्याच दिवसांत तो नॉव्हेल्टी थिएटरात गेला. तेथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत निरनिराळे दर ठेवण्यात आले आणि पडदानशीन स्त्रियांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी राखीव जागा ठेवण्यात आल्या. चित्रपट मुंबईत पोहोचून महिनाही लोटला नव्हता तोच दोन गोष्टी धंदेवाल्यांच्या ध्यानात आल्या होत्या. चार आणेवाला आला पाहिजे, आणि बाई आली पाहिजे. आजच्या धंदेवाल्यांना त्यांतली पहिली गोष्ट कळेनाशी झाली आहे आणि घरबशा प्रेक्षकाला दुसरी. आमचे भांडण या दोघांशीही आहे.

दुसरीपासून आरंभ करू. दादासाहेब फाळके यांनी १९१० च्या सुमारास गिरगावात ‘ख्रिस्ताचे जीवन’ हा मूकपट पाहिला आणि त्या पडद्यावर त्यांना राम-कृष्ण दिसू लागले, ही कथा आपल्या वाचकांना नवी नाही; आपण ती काहीशा अभिमानाने सांगतोही. पण तिचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. फाळके तेवढ्यावर थांबले नाहीत. पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन ते तोच चित्रपट पुन्हा पाहावयास गेले, आणि गाडीभाड्यापुरते पैसे शेजाऱ्यांकडून उसने घ्यावे लागले, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले. ‘घरी आल्यावर सांगतो काय पाहिले ते’ असे म्हणून भागले असते. त्यांनी कर्ज काढून बायकोला अंधारात नेऊन बसवले. पुढे ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्यामागे याच सरस्वतीबाईंचे हात होते. कच्च्या फिल्मला भोके पाडणे, रसायने हाताळणे ही कामे त्यांनी केली, आणि सगळ्या मंडळींचे जेवणही त्याच रांधीत. त्या दिवशी त्या घरी राहिल्या असत्या तर काय झाले असते, हा प्रश्न निरर्थक असला तरी आम्हांस तो पडतो.

आता आजच्या घराकडे पाहा. शनिवारची रात्र. दिवाणखान्यात चित्रपट लावला आहे. यजमान आरामखुर्चीत, मुले जमिनीवर, आजोबा पलंगावर. आणि घरातली बाई? ती आहे, पण दाराच्या चौकटीत. हाताला पीठ लागलेले, नजर पडद्याकडे, कान शेगडीवरच्या कुकरकडे. एखादा प्रसंग रंगात आला की आतून काही तरी करपल्याचा वास येतो. ती परत येते तोवर नायिकेचे लग्न झालेले असते. “काय झालं गं मध्ये?” असे ती मुलीला विचारते, मुलगी पडद्यावरची नजर न हलवता “काही नाही गं, पुढे बघ” म्हणते. मग कोणाला पाणी हवे असते, कोणाला चहा, आजोबांची गोळी राहिलेली असते. चित्रपट थांबवायची कळ आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे, पण ती कोणासाठी दाबली जाते? यजमानांना फोन आला की चित्रपट थांबतो, मुलाला लघवीला जायचे असले की थांबतो. आई भाकऱ्या थापायला गेली म्हणून थांबलेला चित्रपट आम्ही तरी फारसा पाहिलेला नाही.

आमच्या परिचयातल्या एका मावशींना पुष्कळ चित्रपट ठाऊक आहेत, पण सारे तुकड्यांनी. ‘नटसम्राट’ची सुरुवात ठाऊक, शेवट ठाऊक नाही. दुसऱ्या एकाचा शेवट ठाऊक, पण तो कशाचा शेवट हे ठाऊक नाही. त्या हसत सांगतात, “माझा आपला भाकरीच्या वेळेपर्यंतचा सिनेमा.” त्यात तक्रारीचा सूर नसतो आणि तेच आम्हांस अधिक टोचते. घरातला चित्रपट फुकट पडतो असे जे म्हणतात, त्यांनी त्याची किंमत कोण मोजते हे एकदा पाहावे.

चित्रगृहात ही बाई खुर्चीवर बसते. ती खुर्ची तिची असते, तिच्यावर क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाचे तिकीट तिच्या पर्समध्ये असते. पुढले अडीच-तीन तास तिला कोणी काही मागू शकत नाही, कारण देण्यासारखे तिच्याजवळ काही नसते. अंधारात तिचा चेहरा कोणाला दिसत नाही. तिला रडायचे असेल तर ती रडू शकते आणि कारण विचारायला कोणी येत नाही. १९९१ साली विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ आला तेव्हा समीक्षकांनी नाके मुरडली. अश्रूंचा बाजार म्हटले. कलाकृती म्हणून आमचेही मत त्यापेक्षा फारसे बरे नाही. परंतु महाराष्ट्रभर खेड्यापाड्यांतून बाया घोळक्याने तो पाहावयास निघाल्या, पदर डोळ्यांना लावून बसल्या, हलक्या होऊन घरी गेल्या. घरात इतकी वर्षे दाबून ठेवलेले रडणे त्यांनी चारशे अनोळखी बायांच्या सोबतीने रडून घेतले. समीक्षकांना चित्रपट दिसला, चित्रगृह दिसले नाही.

आणि हा केवळ जुन्या काळचा भाबडेपणा होता असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. ३० जून २०२३ रोजी केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ लागला. सहा बहिणींची कथा. घरोघरी टीव्ही आहे, फोन आहे, थोडे थांबले तर चित्रपट घरी येणार हे सर्वांना ठाऊक आहे, अशा काळात बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून, भिशीच्या आणि मंगळागौरीच्या मैत्रिणी जमवून तो पाहायला गेल्या. काही ठिकाणी पडद्यापुढे फेर धरून नाचल्या. त्यांना चित्रपट पाहायचा होता हे खरेच. पण त्यांना घराबाहेर पडून, सजून, एका रांगेत बसून, एकमेकींना कोपरखळ्या मारत तो पाहायचा होता. ते घरी होत नाही.

एकाग्रतेविषयी दोन शब्द. घरात मध्यंतर नसते म्हणतात. घरात शंभर मध्यंतरे असतात. शिवाय आता चित्रपट दीडपट वेगाने पाहण्याची कळ निघाली आहे, दहा सेकंद पुढे उडी मारण्याची कळ तर जुनीच झाली. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ एप्रिल २०१६ मध्ये लागला तेव्हा ‘झिंगाट’ सुरू होताच पोरे खुर्च्या सोडून नाचत होती, हे सर्वांनी पाहिले. त्याच चित्रगृहात शेवटी काय होत असे? रक्ताने माखलेल्या पावलांचे ठसे उमटवत ते मूल दाराकडे चालू लागते, आवाज संपूर्ण बंद होतो. तासाभरापूर्वी नाचलेली तीच पोरे जागच्या जागी थिजत. दिवे लागले तरी कोणी उठत नसे. नाचणारे आणि थिजणारे एकच होते, हाच तर त्या चित्रपटाचा घाव होता. घरी हा शेवट पाहणाऱ्याला वाटते, आवाज का गेला? तो रिमोट शोधू लागतो.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे, नाही तर आम्ही अन्याय करू. घरात पाहणे म्हणजे सदैव एकट्याने पाहणे असे नव्हते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर कित्येक वर्षे आळीत एखाद्याच घरी संच असे आणि रविवारचा चित्रपट पाहायला त्या घराच्या खिडक्यांतूनही माणसे उभी राहत. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला. एका रात्रीसाठी संच भाड्याने आणून अंगणात तीन-तीन चित्रपट ओळीने पाहिले जात, वर्गणी काढून. तिसऱ्याच्या वेळी निम्मी वाडी अंगणातच झोपलेली असे. आमच्या धर्मग्रामांच्या पटांगणांतून उपवासकाळात पांढरे कापड टांगून ‘दयासागर’ दाखवला जाई, तेव्हा इतर समाजांतली माणसेही येऊन बसत. ती चित्रगृहे नव्हती, पण चित्रगृहाचा गुण त्यांच्यात होता. तेव्हा आमचे वैर भिंतींशी नाही. घरातल्या घरात प्रत्येकाने आपापला फोन घेऊन आपापल्या खोलीत चार निराळे चित्रपट पाहणे, आणि सकाळी एकमेकांशी बोलायला विषय नसणे, याच्याशी आहे.

व्हिडिओचा काळ आठवण्याचे आणखीही एक कारण आहे. तेव्हाही चित्रगृहाचे मर्तिक पुष्कळांनी उरकून टाकले होते. चोरट्या कॅसेटींनी धंदा बसला, मध्यमवर्ग घरी बसला, चित्रगृहांत उंदीर आणि पानाच्या पिचकाऱ्या उरल्या. मग ऑगस्ट १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’ आला. निर्मात्यांनी त्याची व्हिडिओ कॅसेट मुद्दाम रोखून धरली, आणि चित्रपट मोजक्या, साफसूफ केलेल्या चित्रगृहांतच लावला. कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडली. मुंबईत लिबर्टीला तो शंभराहून अधिक आठवडे चालला. म्हणजे माणसे आळशी झाली होती हे खोटे. त्यांना बोलावण्याची रीत चुकली होती.

रीत आज पुन्हा चुकते आहे, आणि आता आम्ही त्या दुसऱ्या पक्षाकडे वळतो. चौघांच्या कुटुंबाने एखाद्या बहुपडदा चित्रगृहात शनिवारी संध्याकाळी जायचे म्हटले तर तिकिटे, रिक्षा आणि मध्यंतरातली खादी मिळून हजार-दीड हजार रुपयांचा चुराडा सहज होतो. बटाटेवड्याचे आणि खाऱ्या शेंगदाण्यांचे मध्यंतर गेले. आता बादलीभर मक्याच्या लाह्या तिकिटाहून महाग. घरून डबा न्यावा तर दारावर पिशव्या तपासतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ नाकारण्याचा मालकांचा अधिकार मान्य केला. पिण्याचे पाणी मात्र फुकट दिले पाहिजे, आणि तान्ह्या मुलांसाठी आणलेले अडवता येणार नाही, असे म्हटले. कायदा झाला. पण ज्याला बोलावले त्याचीच झडती घेणे हे यजमानाचे लक्षण नव्हे. त्यातून तिकिटावर छापलेली वेळ ही चित्रपटाची नसून जाहिरातींची असते, हा आणखी एक सोपस्कार.

गिरगावच्या ज्या मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ने पहिल्यांदा तोंड उघडले ते पाडून तेथे इमारत उभी राहिली. ‘शोले’ ज्या मिनर्व्हात पाच वर्षे चालला ते मिनर्व्हाही पाडले गेले. गावोगावची एकपडदा चित्रगृहे तर नोंद न होताच मिटली. कोठे मंगल कार्यालय झाले, कोठे गोदाम. जत्रेतले तंबूही विरळ झाले. त्यांच्यावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. याचा अर्थ स्पष्ट आहे. ज्यांच्यापाशी चार आणे होते त्यांची जागा गेली. त्यांना ‘तुम्ही घरीच पाहणे पसंत केले’ असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे.

पसंतीचाच पुरावा हवा असेल तर तो धंदेवाल्यांनी स्वतःच दिला आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी ‘राष्ट्रीय चित्रपट दिन’ म्हणून देशभरच्या हजारो पडद्यांवर तिकीट ७५ रुपये केले. शुक्रवार होता, सुटी नव्हती. एका दिवसात ६५ लाखांहून अधिक माणसे आली. सकाळच्या खेळांना पाट्या लागल्या. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात ९९ रुपये केले, तेव्हाही साठ लाखांच्या आसपास आली. ही माणसे आदल्या दिवशी कोठे होती? घरी होती. आवडीने होती असे आता कोणी म्हणू नये. आणि दुसऱ्या दिवशी दर पूर्ववत झाले, हे जणू काही घडलेच नाही अशा थाटात.

काही अपवाद आम्ही बिनतक्रार सोडतो. अंथरुणाला खिळलेली माणसे, ऐकू कमी येत असल्याने खालची अक्षरे वाचणारे वृद्ध, ज्यांच्या तालुक्यात एकही पडदा उरला नाही असे लोक, यांना घरचा चित्रपट ही मोठीच सोय आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला २०२० साली व्हेनिसमध्ये पटकथेचे पारितोषिक मिळाले, आणि तो मराठी चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवरच पाहिला; तो गावच्या चित्रगृहात लागण्याची वाट पाहिली असती तर अजून पाहतच असतो. अशा चित्रपटांना घराने आसरा दिला, हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण आसऱ्याला आलेल्याचे घर तेच, असे ठरवून टाकणे निराळे. एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाने बहुपडदा चित्रगृहांनी मराठी चित्रपट मोक्याच्या वेळी दाखवावेत असा आग्रह धरला, तेव्हा केवढा गदारोळ झाला! आजही चांगला मराठी चित्रपट सकाळी साडेनऊला किंवा दुपारी, माणसे कामावर असताना लावायचा आणि आठवड्याने ‘प्रेक्षकच नाही’ म्हणून उतरवायचा, हा खेळ चालूच आहे.

तेव्हा आमचे मागणे असे. चित्रगृहवाल्यांनी वर्षातून एक दिवस नव्हे, आठवड्यातून निदान दोन दिवस सर्व खेळांना शंभर रुपयांच्या आत तिकीट ठेवावे, आणि त्यातला एक दिवस दुपारचा खेळ बायकांना सोयीचा असावा. मुले शाळेत असतात, रात्रीचा स्वयंपाक व्हायचा असतो, तो वेळ. तिकिटावर चित्रपटाची खरी वेळ छापावी. पाणी मागावे लागू नये. आणि धर्मग्रामातल्या महिला मंडळांनी, पतपेढ्यांनी, वाचनालयांनी वर्षाच्या सहलीइतकेच याकडेही लक्ष द्यावे. चाळीस-पन्नास जणींची एकत्र नोंदणी असेल तर दर कमी करून मिळतो का, हे व्यवस्थापकाला विचारून पाहावे. सकाळच्या रिकाम्या खेळासाठी तो नाही म्हणण्याची शक्यता कमी. त्या दिवशी घरी जेवण कोण करणार, हा प्रश्न यजमान मंडळींनी आदल्या रात्रीच सोडवून ठेवावा.